गोळी फोडण्याआधी पाकीट वाचा

पुण्यात घरोघरी ज्येष्ठांची मोठी गोळी वाटीखाली दाबून, पूड करून चमच्यातून दिली जाते. आजोबांना गिळायला त्रास होतो, एवढंच कारण. पण पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असं छापलेलं असेल, तर हे अंगाशी येऊ शकतं. ही औषध हळूहळू सोडणारी गोळी असते.

मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घ्या. साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. एसआर बहुधा एकदाच पुरते. औषध तेच, बांधणी वेगळी. अशा अनेक गोळ्यांत औषध हायप्रोमेलोज नावाच्या पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थात, मिसळून दाबलेलं असतं. पोटात पाणी लागलं की गोळीचा बाहेरचा थर फुगतो आणि भिजलेल्या सब्जासारखा बुळबुळीत होतो. आतला गाभा अजून कोरडाच असतो. पाणी त्या बुळबुळीत थरातून, म्हणजे जेलमधून, आत झिरपतं, औषध विरघळवतं आणि विरघळलेले रेणू जेलमधूनच बाहेर येतात. गाभा जसजसा लहान होतो तसतसा रेणूंचा रस्ता लांबतो, वेग मंदावतो. औषधशास्त्रज्ञ ताकेरू हिगुची यांनी १९६१ साली अशा झिरपण्याचं गणित मांडलं: सुटलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पहिल्या तासात जेवढं सुटलं, त्याच्या दुप्पट व्हायला चार तास लागतात, तिप्पट व्हायला नऊ! जेल बाहेरून झिजतही असल्याने प्रत्यक्षात आकडे थोडे सरकतात, पण इतकं सुटसुटीत सूत्र औषधशास्त्रात क्वचितच सापडतं. आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकरांनी पॉलिमर जेलवरच संशोधन केलं.

पूड केली की जेलचा थर टिकतच नाही आणि दिवसभराचं औषध थोड्या वेळात रक्तात उतरतं. गोळी रक्तदाबाची असेल तर दाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. मधे रेघ असलेल्या काही एसआर गोळ्यांचे दोन तुकडे चालतात, पण कुटलेल्या चालत नाहीत.

काही गोळ्यांचं रिकामं टरफल शौचातून जसंच्या तसं पडतं. औषध त्यातून केव्हाच निघून गेलेलं असतं. तरी ‘गोळी पचतच नाही, जांभळाच्या बियांची पूड घ्या, मधुमेह मुळापासून जातो’ असले मेसेज फिरतात आणि लोक चालू औषध बंद करतात. हे फार धोक्याचं आहे.

गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. बऱ्याच औषधांची साधी गोळी किंवा पातळ औषध मिळतं. डोस मात्र त्यांनीच बदलून द्यायचा.