हिरड्या मागे सरकणे

दाताच्या मानेला बिलगून असलेली हिरडीची कड मुळाच्या दिशेने सरकून मुळाचा काही भाग उघडा पडणे. वरच्या दातांवर हिरडी वर चढलेली दिसते, खालच्या दातांवर खाली उतरलेली. दोन्हीकडे दात लांब झाल्यासारखा वाटतो. मोजमापासाठी एनॅमल आणि मुळावरचे सिमेंटम जिथे भेटतात ती सांध्याची रेषा आधार मानतात. हिरडी मागे सरकणे हे लक्षण आहे, स्वतंत्र रोग नव्हे. एकाच तोंडातील दोन दातांवर त्याची कारणे वेगळी असू शकतात. समोरून किती मूळ दिसते याची रुग्णाला धास्ती असते. उपचाराचे यश मात्र बहुतांशी शेजारच्या दोन दातांमधील हाड आणि हिरडी शाबूत आहे की नाही यावर ठरते.

*रचना* : दाताच्या दर्शनी भागावर एनॅमलचे कठीण कवच असते, मुळावर ते नसते. तिथे सिमेंटमचा थर असतो आणि मानेपाशी तो साधारण २० ते ५० मायक्रोमीटर इतकाच जाड असतो. पाठ्यपुस्तकांत दिले जाणारे प्रमाण असे : सुमारे ६० टक्के दातांत सिमेंटम एनॅमलवर थोडे चढलेले असते, ३० टक्क्यांत दोन्हींच्या कडा नेमक्या भिडतात आणि उरलेल्यांत मध्ये फट राहून डेंटिन (एनॅमल व सिमेंटमखालचा दाताचा मुख्य थर) उघडे असते. सूक्ष्मदर्शकाखालील नंतरच्या पाहणीत एकाच दाताच्या घेरात यांपैकी एकाहून अधिक प्रकार आढळले आहेत. त्यामुळे हे आकडे ढोबळच धरावेत. हिरडी सरकल्यावर हा पातळ थर ब्रशने आणि आंबट पदार्थांनी लवकर झिजतो. मग डेंटिनमधील सूक्ष्म नलिका उघड्या पडतात. थंड पाणी, वारा किंवा ब्रशचा स्पर्श होताच नलिकांतील द्रव हलतो आणि आतल्या मज्जातंतूला कळ पोहोचते. ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही उपपत्ती आज सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते.

मुळाच्या ओठाकडील बाजूवर हाडाचा पत्रा मुळातच पातळ असतो. काही दातांत त्याला खिडकीसारखे भोक असते, तर काहींत तो कडेपासूनच चिरलेला असतो. हाड नसलेल्या जागी हिरडीला केवळ मुळाचा आधार उरतो. सुळे, त्यांच्या मागच्या उपदाढा, खालचे पटाशीचे दात आणि वरच्या पहिल्या दाढेचे पुढचे मूळ येथे मूळ जास्त वेळा उघडे पडते, ते यामुळेच. हिरडीची जाडी तपासण्याची सोपी पद्धत म्हणजे हिरडीच्या खाचेत मोजपट्टीची सळई घालणे. सळई हिरडीतून आरपार दिसली, तर हिरडी पातळ. ही जाडी साधारण १ मिमी किंवा कमी असते.

*प्राचीन उल्लेख* : सुश्रुताने दंतमूलगत (हिरड्यांचे) म्हणून १५ रोग सांगितले आहेत. त्यांत शीतादात हिरड्यांतून अचानक रक्त येते. त्या काळपट, दुर्गंधीयुक्त, ओलसर व मऊ होऊन झडू लागतात. परिदरातही हिरड्या झडतात आणि थुंकीतून रक्त पडते. आधुनिक व्याख्याकारांपैकी काहींनी शीताद म्हणजे स्कर्व्ही असे म्हटले, काहींनी हिरड्यांचा साधा दाह, तर काहींनी परिदर हेच हिरडी सरकण्याचे वर्णन मानले. सुश्रुतसंहितेचे थर वेगवेगळ्या काळांतील असल्याने (ते बहुधा इ.स.पू. काही शतकांपासून इ.स.च्या पहिल्या काही शतकांपर्यंतचे असावेत) एकास एक जुळणी लावणे धोक्याचे आहे. दोन्ही वर्णनांत रक्तस्राव हा मुख्य आहे. म्हणून ती आज ज्याला लोक पायोरिया म्हणतात त्या विकाराच्या अधिक जवळची वाटतात. रक्त न येता, दाह न दिसता हिरडी हळूहळू मागे जाण्याचा प्रकार त्यांत बसत नाही. त्या प्रकाराची जाणीव मात्र दात घासण्याच्या नियमांत दिसते. १२ अंगुळे लांब, करंगळीएवढ्या जाडीची, गाठ नसलेली काडी घ्यावी आणि मऊ कुंचल्याने एकेक दात घासताना हिरडीला इजा होऊ देऊ नये, असे सुश्रुत सांगतो. चरकानेही हिरडी न दुखवण्याची अट घातली आहे.

*कारणे* : जिवाणूंच्या थराने होणारा दाह आणि घासण्याची इजा ही दोन मुख्य कारणे मानली जातात. या दोहोंतला फरक ल्यो आणि सहकाऱ्यांच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात स्पष्ट दिसतो. त्यांनी एकीकडे नॉर्वेतील नियमित दंतसेवा मिळणारा सुशिक्षित गट पाहिला, दुसरीकडे श्रीलंकेतील दंतसेवा न मिळालेले चहामळ्यांतील कामगार. नॉर्वेत विशीतच ६० टक्क्यांहून अधिक लोकांत मूळ उघडे पडले होते, पण केवळ गालाच्या व ओठाच्या बाजूला. श्रीलंकेत विशीपूर्वी प्रमाण ३० टक्क्यांच्या पुढे होते. ते तिशीत ९० टक्क्यांवर आणि चाळिशीत सर्वांत पोचले, तेही दातांच्या सर्व बाजूंनी, दोन दातांमध्येसुद्धा. म्हणजे स्वच्छ तोंडातही हिरडी सरकते, मात्र तिथे मधले हाड वाचते. किटण साचलेल्या तोंडात तेच आधी जाते.

ब्रशचा दोष किती, यावर एकमत नाही. डब्ल्यू. डी. मिलर यांनी १९०७ साली प्रयोगशाळेत खरखरीत दंतचूर्ण व ब्रश वापरून दाताच्या मानेवर पाचरीच्या आकाराच्या खाचा पाडून दाखवल्या. पुढे १९८०च्या दशकात चावण्याच्या दाबाने दात वाकून मानेपाशी एनॅमल तुटते असा सिद्धान्त आला आणि ग्रिप्पो यांनी १९९१ साली त्याला ‘ॲबफ्रॅक्शन’ हे नाव दिले. त्याला बळ देणारे पुरावे बहुतांशी संगणकीय प्रतिमानांतले आहेत. प्रत्यक्ष रुग्णांत घासणे आणि आम्ल यांचा वाटा मोठा दिसतो. चावण्याच्या दाबाने हिरडीच सरकते, हे स्टिलमन यांच्या १९२१च्या सुमारास मांडलेल्या मताशी जोडले जाणारे म्हणणे आज फारसे कोणी धरत नाही. अपवाद खोल चाव्याचा : त्यात वरचे दात खालच्या हिरडीवर प्रत्यक्ष आदळतात. ब्रशविषयीच्या प्रकाशित अभ्यासांचा २००७ साली आढावा घेतला गेला, तेव्हाही निष्कर्ष अनिर्णित राहिला. तरीही चिकित्सेत सूत्र सारखेच दिसते : पातळ हिरडी, कडक ब्रश, आडवे घासणे आणि जोर. उजव्या हाताने घासणाऱ्यांत डावीकडचा सुळा बहुधा आधी उघडा पडतो.

महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रियांत, मिश्रीचा वेगळा विचार करावा लागतो. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून केलेली ही पूड तर्जनीने पुढच्या दातांवर व हिरड्यांवर चोळतात, अनेकदा दिवसातून कित्येक वेळा. घर्षण आणि तंबाखू एकाच जागी येतात. दात स्वच्छ होतात या समजापोटी सुरू झालेली सवय निकोटिनमुळे सुटत नाही. गालात तंबाखूची चिमूट धरणाऱ्यांत नेमकी त्याच जागची हिरडी सरकते. तिथे न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर हिरडीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी कर्करोगाची तपासणी करावी. राखुंडी, कोळसा आणि जाड मीठ यांतही कण खरखरीत असल्याने धोका घासण्याचाच असतो.

याखेरीज तारा लावून दात हाडाच्या पत्र्याबाहेर ढकलले जाणे, उपचारानंतर आतून चिकटवलेल्या तारेला पीळ पडून एकच पटाशीचा दात हळूहळू फिरणे, ओठाचा बंध हिरडीच्या कडेपर्यंत येणे, हिरडीखाली खोल गेलेली कॅपची कड आणि ओठात घातलेले दागिने ही कारणेही नोंदली गेली आहेत. वय हे स्वतः कारण नसून वर्षांनुवर्षांची इजा साचत जाते, असे मत आता रूढ आहे.

*मोजमाप* : सळईवर मिलिमीटरच्या खुणा असतात आणि ती अगदी हलक्या हाताने, साधारण २५ ग्रॅम दाबाने, हिरडीच्या खाचेत घालतात. निरोगी खाच १ ते ३ मिमी असते. सांध्याच्या रेषेपासून कडेपर्यंतचे अंतर आणि खाचेची खोली यांची बेरीज म्हणजे दाताने गमावलेला आधार. मूळ ३ मिमी उघडे आणि खाच २ मिमी, तर तोटा ५ मिमी. सुजलेली कड रेषेच्या २ मिमी वर चढलेली आणि खाच ६ मिमी असेल, तर मूळ जराही दिसत नाही, पण तोटा ४ मिमी झालेलाच असतो. सूज उतरल्यावर तो दिसू लागतो. ‘दात साफ करून घेतले की हिरड्या सरकतात, फटी पडतात’ हा समज इथूनच येतो. किटणाने भरलेली फट मोकळी झालेली असते आणि फुगलेली हिरडी ओसरून आपल्या खऱ्या जागी बसलेली असते.

*वर्गीकरणाचा वाद* : सलिव्हन आणि ॲटकिन्स यांनी १९६८ साली उथळ-अरुंद, उथळ-रुंद, खोल-अरुंद, खोल-रुंद असे चार प्रकार केले. पी. डी. मिलर (१९०७चे मिलर वेगळे) यांचे १९८५चे चार वर्ग पुढे जगभर रुळले. मऊ अस्तरापर्यंत (घट्ट हिरडीपलीकडचे सैल अस्तर) न पोचलेले ते पहिल्या वर्गात, तिथवर पोचलेले दुसऱ्यात. या दोहोंत मधले हाड शाबूत असते आणि मूळ पूर्ण झाकले जाणे शक्य असते. तिसऱ्यात हाड काहीसे गेलेले, म्हणून अंशतः यश. चौथ्यात यशाची आशा नाही. या वर्गीकरणात दोन अडचणी निघाल्या. पहिल्या दोन वर्गांच्या निकालांत फारसा फरक पडत नाही. शिवाय मऊ अस्तरापर्यंत न पोचलेले, पण मधले हाड घटलेले रुग्ण कोणत्या वर्गात घालावेत हे ठरत नाही. कैरो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली केवळ दोन दातांमधला आधार किती गेला यावरून तीन प्रकार केले : मधला आधार शाबूत; तो गेला, पण समोरच्या बाजूइतका किंवा त्याहून कमी; समोरच्या बाजूहून जास्त गेला. हिरड्यांच्या रोगांच्या वर्गीकरणासाठी शिकागो येथे २०१७ साली भरलेल्या जागतिक कार्यशाळेने हेच वर्गीकरण स्वीकारले. नोंदी जुन्या वर्गांत ठेवणारे दवाखाने अजून पुष्कळ असले, तरी निकालाचा अंदाज सांगायला नवी पद्धत अधिक उपयोगी आहे.

*व्यवस्थापन* : आधी कारण बंद करावे लागते. मऊ, गोल टोकांच्या केसांचा ब्रश घ्यावा. बास यांनी सुचवलेला केस ०.१८ मिमीच्या आसपास जाड होता. मूठ न वळता ब्रश पेनासारखा धरला की जोर आपोआप कमी होतो. मूळ उघडे असलेल्या जागी केस काहीसे हिरडीवर, काहीसे दाताच्या मानेवर तिरके टेकवावेत. हिरडी किंचित पांढुरकी होईल इतकेच दाबून जागच्या जागी थरथरवावे आणि चावण्याच्या कडेकडे गुंडाळत आणावे. आडवे घासू नये. केस तीन महिन्यांच्या आत पसरत असतील, तर जोर जास्त आहे हे समजावे. आंबट पेय घेतल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी. दात पांढरे करण्याच्या पेस्ट बहुधा जास्त खरखरीत असतात, त्या टाळाव्यात.

दात शिवशिवत असतील, तर ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट किंवा स्टॅनस फ्लोराइड असलेली पेस्ट दिवसातून दोनदा वापरावी. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि चार दिवसांत सोडून देणे हेच अपयशाचे सर्वांत सामान्य कारण आहे. न थांबल्यास दवाखान्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा लेप देतात. एनॅमल साधारण ५.५ पीएचला विरघळू लागते, मूळ मात्र ६ ते ६.७ च्या दरम्यानच. म्हणून उतारवयात, तोंड कोरडे पडणाऱ्यांत, उघड्या मुळाला कीड लवकर लागते. खोल खाचा दातरंगी सिमेंटने भरता येतात. पण पुढे शस्त्रक्रिया करायची असेल, तर भरण कुठपर्यंत न्यायचे हे आधी ठरवावे. लवंगतेल, तुरटी, हळद किंवा तेलाची चूळ यांनी सरकलेली हिरडी परत येत नाही.

दर तीन ते सहा महिन्यांनी त्याच जागी मोजून, छायाचित्र घेऊन तुलना करावी. वाढ नसेल, कळ नसेल आणि दिसण्याची तक्रार नसेल, तर शस्त्रक्रियेची घाई करू नये. घट्ट हिरडी किमान २ मिमी रुंद हवी, हे लँग आणि ल्यो यांचे १९७२चे मत दीर्घकाळ शस्त्रक्रियेचा आधार होते. वेनस्ट्रॉम आणि लिंडे यांच्या नंतरच्या कामातून, स्वच्छता चांगली असेल तर त्याहून कमी रुंदीतही हिरडी टिकते असे दिसले. हा दुसरा पक्ष अधिक भक्कम वाटतो. तार-उपचार किंवा कॅप करायची असेल, तिथे मात्र आधी हिरडी जाड करून घेणे शहाणपणाचे.

शस्त्रक्रियेत शेजारची हिरडी सरकवण्याची पद्धत ग्रुप आणि वॉरन यांनी १९५६ साली वर्णिली. टाळूवरून वरच्या थरासकट काढलेला तुकडा लावणारे कलम १९६०च्या दशकात आले. ते टिकाऊ असले तरी रंग वेगळा दिसतो. लँगर व लँगर यांच्या १९८५च्या पद्धतीत टाळूच्या आतून १ ते १.५ मिमी जाडीची संयोजी ऊती (वरच्या थराखालची ऊती) काढून ती हिरडीच्या झापेखाली (सोडवून उचललेल्या हिरडीखाली) ठेवतात आणि झाप सांध्याच्या रेषेपलीकडे १ ते २ मिमी ओढून शिवतात. मधला आधार शाबूत असेल, तर ही पद्धत सर्वांत खात्रीची मानली जाते. फसते ते ताणामुळे, ०.८ मिमीहून पातळ झापेमुळे, कलम हलल्यामुळे आणि धूम्रपानामुळे. उघड्या मुळाला रक्तपुरवठा नसल्याने कलम पहिले काही दिवस कडेच्या ऊतींवरच जगते. म्हणून ओठ ओढून टाके पाहणे कटाक्षाने टाळावे. त्या जागी दोन ते तीन आठवडे ब्रश लावू नये, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने दिवसातून दोनदा चूळ भरावी आणि टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढावेत. टाळूची जखम कलमाच्या जागेपेक्षा जास्त दुखते. कलमानंतर वर्षभरात हिरडी आणखी थोडी, सुमारे १ मिमी, आपणहून पुढे सरकलेली काही रुग्णांत आढळते.

मधले हाड समोरच्याहून जास्त गेले असेल, तर झाकण्याची शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. फट बुजवायला गुलाबी कंपोझिट किंवा काढघालीची कृत्रिम हिरडी वापरतात.

मुलांत खालच्या एखाद्या पटाशीच्या दाताची हिरडी सरकलेली दिसते. दात जागेवर येताना आणि जबडा वाढताना ती बरेचदा सुधारते. तोवर स्वच्छता ठेवून नोंद घेत राहणे पुरेसे असते.