ओट्यावरचं फडकं एकदा वास घेऊन बघा

घरात सगळ्यात जास्त जंतू कुठे असतील असं कुणालाही विचारा, उत्तर एकच, संडास. पण संडास आपण घाण समजूनच घासतो आणि ती जागा वाळतेही. खरा घोळ असतो ओटा पुसायच्या फडक्यात आणि सिंकमधल्या घासणीत, कारण बॅक्टेरियांना वाढायला तीनच गोष्टी लागतात, ओल, खरकटं आणि ऊब, आणि आपलं ते मसोतं नळावर ओलं लटकत दिवसभर तिन्ही पुरवतं. पोषक वातावरण मिळालं तर ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो, मग सकाळचं फडकं रात्रीपर्यंत काय झालं असेल हिशोब करा. (सगळे जंतू इतक्या वेगाने वाढत नाहीत, पण तरी.)

2017 मध्ये जर्मनीत मार्कुस एगर्ट हे संशोधक आणि त्यांच्या टीमने लोकांच्या घरातले वापरलेले 14 स्पंज तपासले, त्यात काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये 54 अब्जांपर्यंत बॅक्टेरिया निघाले. त्यातला एक मोराक्सेला ऑस्लोएन्सिस, नीट न वाळलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो ना तो यानेच येतो, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी हाच. आता घाबरू नका, यातले बरेचसे धडधाकट माणसाला काही करत नाहीत, पण घरात तान्हं बाळ किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर विचार करायला हवा. आणि गंमत म्हणजे जे लोक स्पंज उकळतो, मायक्रोवेव्ह करतो म्हणाले त्यांच्या स्पंजातही बॅक्टेरिया काही कमी नव्हते, चिवट उरतात आणि तेच परत पसरतात असा संशोधकांचा अंदाज. त्यांचा सल्ला सरळ होता, आठवड्याला स्पंज बदला.

आता चिकन. आपल्याकडे चिकन न धुता शिजवा म्हटलं तर घरात भांडण होईल! पण 2019 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने एक प्रयोग केला, चिकनवर निरुपद्रवी बॅक्टेरिया लावून दिले आणि लोकांना स्वयंपाक करायला सांगितलं, तर धुणाऱ्यांपैकी 26 टक्के लोकांच्या सॅलडमध्ये ते पोचले, नळाचे शिंतोडे, सिंक, हात असं करत करत. पण न धुणाऱ्यांपैकीही 31 टक्के लोकांच्या सॅलडमध्ये सापडलेच, म्हणजे हात नीट धुतले नाहीत तर बाकी कितीही काळजी घ्या. म्हणून कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवायची, मग चिकनला हात लावायचा, आणि त्यानंतर सुरी, विळी, नळाची तोटी सगळं साबणाने. तोटी सगळेच विसरतात, चिकनच्या हातानेच तर नळ उघडलेला असतो.

कोरोनात आपण दुधाच्या पिशव्या, भाज्या, कुरिअरचे डबे धूत बसलो होतो. तेव्हा लॅबमध्ये तो विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर दोन-तीन दिवस टिकला होता हे खरं, पण पुढे 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता 10 हजारांत 1 पेक्षाही कमी, कारण तो मुख्यतः हवेतून पसरतो. नोरोव्हायरसचं उलटं आहे, उलट्या-जुलाब करणारा हा विषाणू दाराच्या कडीवर, रिमोटवर कित्येक दिवस टिकतो, अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात, आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं.

फडक्याचं म्हणाल तर दोन-तीन ठेवा, रोज बदला, आणि वापरलेलं गरम पाण्यात साबण घालून धुऊन उन्हात कडक वाळवा, नळावर नाही.