यिचीन: अर्धवट राहिलेली राजधानी आणि शेजारचे वाळूचे खडक

प्रागहून बसने दीडेक तासात यिचीन येतं. स्पेलिंग 'जे'ने सुरू होतं म्हणून आपण जिचीन म्हणून मोकळे होतो, मीही तिकीट काढताना तेच म्हटलं आणि ड्रायव्हरने दोनदा "कुठे?" विचारलं. चेकमध्ये 'जे'चा उच्चार य होतो. बसमधले निम्मे लोक पाठीला सॅक आणि दोर बांधलेले, उतरले की थेट सहा-सात किलोमीटरवरच्या प्राखोवच्या सँडस्टोनच्या खडकांकडे निघणारे. गाव त्यांच्या लेखी बस बदलायची जागा. पहिल्या खेपेला मीही चौकात कॉफी पिऊन तसाच सटकलो होतो. पण या गावाची भानगड कळली ना, तर आधी दोन तास इथेच घालवाल.

गावाचा पहिला लेखी उल्लेख 1293 चा. पुढची तीनेकशे वर्षं चारचौघांसारखं गाव. चौकाच्या कोपऱ्यावर उभी असलेली 52 मीटर उंच वल्दित्से वेस 1568 ते 1578 या दहा वर्षांत बांधली, तिच्यावर चढून आजही गाव बघता येतं. खरा गोंधळ सुरू होतो सतराव्या शतकात, आणि तो सुरू होतो चक्क भाऊबंदकीतून.

गाव तेव्हा स्मिर्झित्स्की नावाच्या घराण्याचं होतं, बोहेमियातली (आजच्या चेकचा पश्चिम भाग) अतिश्रीमंत प्रॉटेस्टंट मंडळी. त्यातला तरुण मालक आल्ब्रेख्त यान. मे 1618 मध्ये कॅथलिक हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धचा कट त्याच्याच प्रागमधल्या वाड्यात शिजला आणि दुसऱ्या दिवशी, 23 मेला, प्राग किल्ल्याच्या खिडकीतून सम्राटाचे दोन अधिकारी आणि एक कारकून खाली फेकले गेले. तिघंही वाचले, पण तीस वर्षांचं युद्ध मात्र पेटलं. आल्ब्रेख्त यान त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आजारपणात गेला. मागे उरला एक मनाने कमकुवत भाऊ आणि दोन बहिणी. थोरली एलिश्का कातेर्झिना, तिचं एका सामान्य घरातल्या माणसाशी जुळलं म्हणून बापाने तिला कुम्बुर्क किल्ल्यावर कित्येक वर्षं डांबून ठेवलेलं (किल्ल्याचे अवशेष यिचीनजवळच्या डोंगरावर अजून आहेत). भाऊ गेल्यावर एका उमरावाने तिला सोडवलं, तिच्याशी लग्न लावलं आणि बाईने यिचीनच्या वाड्याचा ताबा घेतला. धाकटी मार्केता सालोमेना काय गप्प बसते, तिचा नवरा सरकारी कमिशनची माणसं घेऊन वाडा ताब्यात घ्यायला आला. 1 फेब्रुवारी 1620 ला तळघरातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि एलिश्का, मेहुणा, कमिशनवाले, नोकरचाकर असे डझनावारी लोक एका क्षणात गेले. कुणी म्हणतं मशाल पडली, कुणी म्हणतं तिनेच लावली. चारशे वर्षं झाली, अजून दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत.

त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला प्रागबाहेर व्हाइट माउंटनच्या लढाईत प्रॉटेस्टंट बाजू साफ हरली. धाकटी बहीण देश सोडून पळाली. आता एवढ्या इस्टेटीला वारस राहिला तो मनाने कमकुवत भाऊ, आणि त्याचा पालक म्हणून पुढे आला नात्यातलाच एक भाऊ. आईकडून स्मिर्झित्स्की, स्वतः बेताच्या घरातला, लहानपणीच पोरका झालेला, जन्माने प्रॉटेस्टंट पण नंतर कॅथलिक होऊन सम्राटाच्या सैन्यात गेलेला. हाच आल्ब्रेख्त वालेनश्टाइन, जन्म 1583.

पुढे त्याने जे केलं त्याला मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात. हरलेल्या उमरावांच्या जप्त जमिनी लिलावात निघत होत्या, पैसा हवा होता, तर 1622 मध्ये वालेनश्टाइन आणि आणखी काही मंडळींनी मिळून सम्राटाकडून नाणी पाडायचा मक्ताच घेतला. चांदी कमी, तांबं जास्त. त्याच हिणकस नाण्यांनी हे लोक जमिनी विकत घेत सुटले, आणि 1623 च्या शेवटी सरकारने त्या नाण्यांची किंमत जवळपास 90 टक्के उतरवली तेव्हा साध्या लोकांच्या हातात नुसतं तांबं उरलं. वालेनश्टाइनकडे तोवर जमिनी आल्या होत्या, म्हणजे उत्तर बोहेमियातला मोठा सलग पट्टा. 1625 मध्ये तो फ्रीडलंडचा ड्यूक झाला आणि राजधानी म्हणून त्याने निवडलं यिचीन.

आज आपण जो चौक बघतो, चारी बाजूंना कमानींचे ओटे, खालून पावसातही कोरडं चालता येतं, तो त्या प्लॅनचा तुकडा. इटलीहून आर्किटेक्ट आणले, रहिवाशांना लाकडी घरं पाडून पक्की बांधायला लावली, जेझुइट पंथाचे कॅथलिक धर्मगुरू बोलावले, स्वतःची टांकसाळ घातली. इथे बिशप बसवायचा, युनिव्हर्सिटी काढायची असे बेत. बाकी बोहेमिया सैन्याच्या धाडींनी उजाड होत असताना त्याचा मुलूख मात्र सुखाचा म्हणून ओळखला जायचा. कारण तिथे सैन्याचा तळ पडू द्यायचा नाही असा त्याचा नियम होता, आणि तिथूनच त्याच्या फौजेला भाकरी, बूट, बिअर, दारूगोळा जायचा. सेनापती तोच, सप्लायर पण तोच, बिल सम्राटाच्या नावावर. धंदा म्हणून बघितलं तर माणूस थोर होता, बाकी काय बोलणार.

पत्रिकेचं वेड मात्र आपल्याला लाजवेल असं. 1608 मध्ये त्याने कुंडली करून घेतली ती थेट केप्लरकडून, हो, तोच ग्रहांच्या नियमांचा केप्लर. पुढे पुन्हा तपशिलात भविष्य मागवलं, ते मार्च 1634 मध्ये भयंकर उलथापालथ आहे असं सांगून तिथेच थांबलं. फेब्रुवारी 1634 पर्यंत सम्राटाची खात्री झाली होती की हा शत्रूशी आतून बोलणी करतोय, आणि 25 तारखेला खेब गावात सम्राटाशी इमान राखणाऱ्या आयरिश-स्कॉटिश अधिकाऱ्यांनी त्याला रात्री झोपायच्या खोलीत भोसकून मारलं. भविष्य पाचेक दिवसांनी चुकलं म्हणायचं की बरोबर आलं, ज्याचं त्याने ठरवावं.

राजधानी तिथेच थांबली. चौकाच्या बाजूचं सेंट जेम्सचं चर्च बघा, 1627 ला काम सुरू, बिशपचं चर्च होणार म्हणून जोरात बांधायला घेतलेलं, पण बाहेरून मनोरे नाहीत, घुमट नाही. आत मान वर केली की घुमट दिसतो, नीट बघितलं की कळतं तो नुसता रंगवलाय.

गावाबाहेर निघालं की लिंडनच्या झाडांच्या चार रांगा लागतात, हजाराच्या वर झाडं, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास एकदम सरळ. सैनिकांना ओळीने उभं करून एकाच इशाऱ्यावर सगळी झाडं लावून घेतली अशी गोष्ट सांगतात, खरी असेल नसेल पण त्याच्या स्वभावाला शोभते. ही वाट संपते एका भव्य मोकळ्या कमानदार सज्जाजवळ, बागेत बसायला बांधलेला, मालकाला फारसा वापरता आलाच नाही. त्याच रेषेत पुढे वल्दित्सेचा मठ. वालेनश्टाइननेच 1627 मध्ये काढलेला, 1636 मध्ये त्याला पुरलं तेही तिथेच, मग 1782 मध्ये मठ बंद झाल्यावर हाडं म्निखोवो ह्रादिश्त्येला हलवली. मठाचं एकोणिसाव्या शतकात जेल झालं आणि आजही ते चालू जेल आहे, सगळ्यात कडक कैदी ठेवतात असं. म्हणजे वेस, झाडं, सज्जा, जेल, सगळं एका रेषेत.

यिचीनच्या माथी नंतरही इतिहास येत राहिला, 1813 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या आघाडीची बोलणी करायला ऑस्ट्रियाचा सम्राट इथल्या वाड्यात मुक्कामाला होता, 29 जून 1866 ला प्रशियाने गाव आणि खडक यांच्या आसपासच्या शेतांत ऑस्ट्रिया आणि सॅक्सनीच्या फौजांना हरवलं, आणि चारच दिवसांनी सादोवाच्या लढाईत त्या युद्धाचा निकाल लागला. पण चेक पोरांना यिचीन माहीत आहे ते रुम्त्सायसमुळे. नगराध्यक्षाच्या मोठ्या पायांवर बोलला म्हणून गावाबाहेर काढलेला चांभार, जंगलात जाऊन दरोडेखोर होतो, अशी टीव्हीवरची जुनी कार्टून गोष्ट. बाहुल्या, मग, पोस्टकार्ड सगळीकडे तोच. खऱ्या दरोडेखोराचं नाव मुख्य चौकाला आहे, हे माझं मत, गाववाल्यांचं नाही.

आता खडक. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, शेजारच्या जमिनीवरून नद्यांनी वाळू आणून टाकली, थरावर थर. समुद्र हटला, जमीन उचलली गेली, दगडाला उभ्या भेगा पडल्या, भेगांत पाणी आणि बर्फ शिरत गेलं आणि एक अखंड पठार हळूहळू सुट्या मनोऱ्यांत तुटत गेलं. प्राखोवला काही वाटा इतक्या अरुंद आहेत की सॅक काढून हातात धरावी लागते, दोन्ही खांदे ओल्या हिरवट भिंतींना घासतात, आणि बोट फिरवलं की बोटाला वाळू लागते. हे आम्हा सह्याद्रीवाल्यांना विचित्र वाटतं, आपला काळा बेसॉल्ट हाताला असा सुटत नाही. बेसॉल्ट इथेही आहे बरं का, त्रोस्की किल्ल्याचे दोन सुळके, 'बाबा' म्हणजे म्हातारी आणि 'पान्ना' म्हणजे कुमारी, हे ज्वालामुखीच्या नळीत थिजलेले लाव्हाचे गाभे. चौदाव्या शतकाच्या शेवटी कुणाला तरी सुचलं की दोन्हींच्या डोक्यावर एकेक बुरूज बांधू, आणि बांधले.

मला सगळ्यात आवडलेला भाग स्त्रशेलेच नावाच्या वाळूच्या खाणीतला. यिचीनजवळच आहे, तिथली शुभ्र वाळू काचेसाठी जाते. तिथला दगड असा की कणांमध्ये सिमेंटसारखं काही नाहीच, कण नुसते एकमेकांत अडकून बसलेत. चेक संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग छापला. या दगडाचा ठोकळा घेतला, वर वजन ठेवलं आणि पाण्यात बुडवला. ज्या भागावर भार नव्हता तो भसाभस विरघळल्यासारखा गळून पडला, ज्याच्यावर भार होता तो उलट घट्ट झाला आणि शेवटी उरला एक छोटा खांब, कधी कमान. गोणीतलं धान्य वरून दाबलं की कसं टणक लागतं, तसं. म्हणजे प्राखोवचे खांब आणि कमानी हा पाण्याने कोरून काढलेला आकार आहेच, पण काय उरणार हे ठरवलं वरच्या ओझ्याने. हे वाचून पुन्हा गेलो तेव्हा प्रत्येक खांबाखाली उभं राहून वर बघत होतो, बायको वैतागली.

एकोणिसाव्या शतकात जवळच्या सेदमिहोर्कीच्या स्पामध्ये येणाऱ्या लोकांनी या भागाचं 'चेस्की राय', म्हणजे चेक स्वर्ग, हे नाव रुजवलं. प्राखोव 1933 पासून राखीव आहे आणि 1955 मध्ये चेस्की राय हा चेकोस्लोव्हाकियातला पहिला संरक्षित निसर्गप्रदेश झाला, 2005 मध्ये युनेस्कोशी जोडलेला जिओपार्क. चढाई करणाऱ्यांचे नियम मात्र कुठल्याही सरकारी पाटीपेक्षा जुन्या वळणाचे. धातूचं काही खडकाच्या भेगेत अडकवायचं नाही, दोराच्या गाठी वापरायच्या, हाताला पांढरी पावडर लावायची नाही, आणि पाऊस पडून गेला असेल तर दगड वाळेपर्यंत चढायचंच नाही कारण ओला सँडस्टोन हातात निघून येतो. आम्ही गेलो तेव्हा आदल्या रात्री पाऊस झालेला. दोरवाली मंडळी खाली टपरीवर बिअर घेऊन बसली होती, कुणी खडकाला हात लावत नव्हतं.