मेलॅनोकॉर्टिन ग्राही

पेशींच्या पृष्ठभागावर असणारी, एकाच कुळातली पाच प्रथिने. एमसी-१ ते एमसी-५ अशी त्यांची नावे. त्वचेचा व केसांचा रंग, मूत्रपिंडावरील ॲड्रीनल ग्रंथीतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक, भूक आणि वजन, वयात येण्याचा काळ, त्वचेतील तेलग्रंथी अशी वरवर एकमेकांशी काहीच संबंध नसलेली कामे हे कूळ सांभाळते. पहिल्या दोन ग्राहींची जनुके १९९२ साली वेगळी करण्यात आली.

पाचही ग्राही पेशीपटलातून सात वेळा आरपार जातात. बाहेरून संप्रेरक येऊन चिकटले की आत चक्रीय एएमपी हे रसायन वाढते आणि पेशी कामाला लागते. मेलॅनोकॉर्टिन नावाची ही संप्रेरके म्हणजे पीओएमसी या एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे. पिट्यूटरी ग्रंथीत त्यापासून एसीटीएच बनते. त्वचेत आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात अल्फा-एमएसएच. या ग्राहींना अडवणारी अगूटी आणि एजीआरपी ही दोन प्रथिनेही शरीर स्वतःच तयार करते.

एमसी-१ त्वचेच्या रंगपेशींवर असतो. गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांची पाठ आणि हात काळवंडतात ते याच्यामुळे. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींना इजा झाली की त्या अल्फा-एमएसएच सोडतात, एमसी-१ जागा होतो आणि रंगपेशी मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य बनवू लागतात. हे मेलॅनिन पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते आणि आतल्या डीएनएला जपते. एमसी-१ दुबळा असेल तर त्याऐवजी तांबूस-पिवळे मेलॅनिन बनते. युरोपीय लोकांमधील लाल केस, पटकन भाजणारी त्वचा आणि मेलॅनोमा या कर्करोगाचा वाढलेला धोका यांचे मूळ बहुतांशी इथे आहे. आपल्याकडच्या गोऱ्या-सावळ्या फरकाशी मात्र एमसी-१ चा फारसा संबंध नाही. त्यात एसएलसी२४ए५ या वेगळ्याच जनुकाचा वाटा मोठा आहे.

गोव्यातील नेत्रावळीच्या रानात दिसलेला काळा बिबट्या ही काही निराळी जात नव्हे. आशियातील काळ्या बिबट्यांमध्ये अगूटीचे जनुक बिघडलेले आढळते. एमसी-१ ला आवरणारे कोणी उरत नाही आणि सगळ्या अंगावर काळे मेलॅनिन भरते. ठिपके तेव्हाही असतातच. तिरप्या उन्हात ते ओळखू येतात.

एमसी-२ ॲड्रीनल ग्रंथीच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात असतो, फक्त एसीटीएचला प्रतिसाद देतो आणि ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला लावतो. पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचायला त्याला एमआरएपी या साहाय्यक प्रथिनाची गरज लागते. दोहोंपैकी एकाचेही जनुक सदोष असेल तर मूल कॉर्टिसॉलविना जन्मते. रक्तातील साखर वारंवार उतरते, साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

थॉमस ॲडिसन या इंग्लिश डॉक्टरांनी १८५५ मध्ये वर्णन केलेल्या विकारात एमसी-२ ग्राही शाबूत असतो, पण ग्रंथीच नष्ट होते. भारतात यामागे क्षयरोग हे कारण अजूनही ध्यानात ठेवावे लागते. कॉर्टिसॉल घटते म्हणून पिट्यूटरी एसीटीएचचा मारा करते आणि हे जादा एसीटीएच त्वचेतील एमसी-१ लाही चेतवते. माणूस काळा पडत जातो. गोव्यासारख्या उन्हाच्या मुलुखात याला ‘उन्हानं काळवंडला’ म्हणून सोडून देणे फार सोपे आहे, आणि तेच घातक ठरते. उन्हाचा काळेपणा उघड्या अंगावर येतो. ॲडिसनचा काळेपणा तळहाताच्या रेषांत, हिरड्यांवर, गालाच्या आतल्या बाजूला, बोटांच्या पेरांवर आणि नव्या व्रणांतही उतरतो. सोबत थकवा, घटते वजन, मीठ खावेसे वाटणे, उठताना घेरी येणे अशी लक्षणे असतील तर सकाळचे कॉर्टिसॉल तपासलेच पाहिजे.

दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या की एसीटीएच दबते, एमसी-२ ला चेतना मिळत नाही आणि ॲड्रीनल ग्रंथी आक्रसते. येथे त्वचा काळी पडत नाही, त्यामुळे धोका दिसत नाही. म्हणून या गोळ्या मनानेच एकाएकी बंद करू नयेत.

एमसी-४ हायपोथॅलॅमसमध्ये पोट भरल्याची जाणीव देतो. चरबीच्या पेशींतून येणाऱ्या लेप्टिनमुळे अल्फा-एमएसएच वाढते व भूक शमते. उपाशीपोटी एजीआरपी वरचढ होते. हा ग्राही नसलेले उंदीर लठ्ठ होतात हे १९९७ मध्ये दिसले, पुढल्याच वर्षी माणसांतील उत्परिवर्तने सापडली. एकाच जनुकाच्या दोषाने येणाऱ्या लठ्ठपणाचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. अशी मुले लहानपणापासून सतत भुकेली असतात आणि अंगाने थोराड होतात. २००८ साली लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासात एमसी-४ जनुकाजवळचा एक सामान्य बदल कंबरेच्या घेराशी आणि इन्सुलिन-रोधाशी (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देण्याशी) जोडलेला आढळला. तो त्यांच्यात युरोपीयांपेक्षा अधिक प्रमाणात होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यात एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. त्याला आहार, बैठे काम अशी अनेक कारणे आहेत, सगळा दोष जनुकांवर ढकलता येत नाही. पण सदैव भुकेल्या मुलाला खादाड म्हणून हिणवणे वैद्यकदृष्ट्याही चूक आहे.

एमसी-३ शरीरातील ऊर्जेचा साठा पाहून वाढ आणि वयात येणे यांचा वेग ठरवण्यात भाग घेतो. एमसी-५ तेलग्रंथींवर असतो; तो नसलेल्या उंदरांची लव पाणी नीट झटकू शकत नाही.

पीओएमसीचे जनुकच निकामी असलेल्या बालकांत हे सारे दोष एकत्र दिसतात: अनावर भूक, कॉर्टिसॉलचा अभाव आणि, गोऱ्या वंशात, लाल केस. त्यांच्यासाठी एमसी-४ ला थेट चेतवणारे सेटमेलॅनोटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाले. ते घेणाऱ्यांची भूक आटोक्यात येते, आणि औषध एमसी-१ लाही चिकटत असल्याने त्वचा व तीळ गडद होतात.