पाठीवर पडून झाडलेली गोळी: 'रेसिडेंट एव्हिल ६'ची पार्श्वभूमी

'रेसिडेंट एव्हिल ६' हा 'कॅपकॉम' या जपानी कंपनीच्या झोंबींच्या भयगेम-मालिकेचा सहावा भाग ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आला, तेव्हा जपानच्या 'फामित्सू' साप्ताहिकाने त्याला ४० पैकी ३९ गुण दिले. अमेरिकेतल्या 'गेमस्पॉट'ने १० पैकी साडेचार दिले. समीक्षा गोळा करणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळावर सगळ्यांची सरासरी निघाली ती १०० पैकी प्लेस्टेशन ३ साठी ७४ आणि एक्सबॉक्स ३६० साठी ६७. गेम तोच, डबा वेगळा. ज्या मालिकेच्या चौथ्या भागाने ९६ गुण मिळवले होते, तिच्यासाठी ही घसरगुंडीच. तेव्हापासून 'सहावा भाग म्हणजे मालिकेचा कचरा' हे वाक्य इतकं रूढ झालं की गेम न खेळलेली माणसंही ते बिनधास्त बोलतात.

मी हा गेम तीनदा संपवला आहे आणि त्याची बाजू घेणार आहे. तो भीतिदायक आहे असं मात्र म्हणणार नाही, कारण तो नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की मारामारीकडे झुकण्याचं पाप या मालिकेने १९९९ पासून साठवत आणलं होतं आणि सहाव्या भागाला सगळ्याची शिक्षा एकदम झाली. शिवाय त्यात जे सर्वांत चांगलं होतं, ते खुद्द गेमनेच खेळणाऱ्यापासून लपवून ठेवलं.

या घराण्याचं मूळ १९८९ मध्ये सापडतं. कॅपकॉमच्या तोकुरो फुजिवारा यांनी फॅमिकॉम या गेम-यंत्रासाठी 'स्वीट होम' हा गेम केला, त्याच नावाच्या जपानी सिनेमावरून. झपाटलेला वाडा, जवळ बाळगता येणाऱ्या मोजक्या वस्तू, इकडेतिकडे सापडणाऱ्या चिठ्ठ्या, दार उघडतानाचं ते छोटं दृश्य, हे सगळं तिथलंच. पुढे शिंजी मिकामी यांनी हा मसाला प्लेस्टेशनवर आणला आणि २२ मार्च १९९६ ला जपानमध्ये 'बायोहझार्ड' आला. अमेरिकेत त्या नावाचे हक्क मिळणं अवघड होतं, म्हणून तिकडे 'रेसिडेंट एव्हिल' असं बारसं झालं.

पहिल्या भागातली भीती कुठून येत होती, हे नीट पाहायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. वाड्याच्या खोल्या म्हणजे आधीच तयार केलेली स्थिर चित्रं होती आणि पात्रं तेवढी त्यावर हलायची. त्यामुळे कॅमेरा जागचा हलत नसे. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलात की चित्र बदलायचं आणि डावं-उजवं उलटंपालटं व्हायचं. त्यावर उपाय म्हणून वरचं बटण म्हणजे कायम 'पात्राच्या नाकासमोर' असं ठरवलं गेलं. रणगाडा वळवावा तसं त्या माणसाला वळवावं लागे. गोळी झाडायची तर जागीच उभं राहावं लागे. वस्तू ठेवायला एका पात्राकडे सहा कप्पे, दुसऱ्याकडे आठ. खेळ साठवून ठेवायलाही शाईची रीळ लागायची आणि ती मोजकीच मिळायची. म्हणजे समोरच्या झोंबीइतकीच आपल्या अवघडलेल्या शरीराची भीती. कंट्रोलर हातात असूनही हात बांधलेले.

हे बंधन सैल करायला मालिकेने फार वेळ लावला नाही, आणि इथेच बऱ्याच जणांची आठवण कच्ची पडते. १९९८ च्या दुसऱ्या भागात दारूगोळा वाढला, शत्रूही वाढले. १९९९ च्या तिसऱ्या भागात गर्रकन मागे वळायची सोय आली आणि वार चुकवायचीही. तिथेच 'मर्सेनरीज' नावाचा जोडखेळ पहिल्यांदा दिसला: घड्याळ चालू, समोर शत्रू, मारा आणि वेळ कमवा. भयकथेत घड्याळ लावून झोंबी मारण्याची स्पर्धा! तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही.

चौथ्या भागाच्या जन्मकळा तर प्रसिद्धच आहेत. त्याच्यासाठी हिदेकी कामिया यांनी सुरू केलेला एक प्रयत्न इतका मारधाडीचा निघाला की त्याला वेगळं काढून २००१ मध्ये 'डेव्हिल मे क्राय' म्हणून विकावं लागलं. आणखीही काही आराखडे मोडीत निघाले. शेवटी मिकामी स्वतः दिग्दर्शनाला बसले आणि जानेवारी २००५ मध्ये जे आलं त्याने कॅमेरा थेट नायकाच्या खांद्यामागे नेला. पायावर गोळी मारली की शत्रू गुडघ्यावर यायचा, मग धावत जाऊन त्याला लाथ. लिऑन केनेडी आता घाबरत नव्हता, टोमणे मारत होता. पण गोळी झाडताना पाय मात्र अजून जमिनीला खिळलेले. रणगाड्याची शेवटची खूण तेवढी उरली होती.

मिकामींनी दिग्दर्शित केलेला या मालिकेतला तो शेवटचा भाग. त्यांच्यामागे २००९ मध्ये पाचवा आला. आफ्रिकेतलं रखरखीत ऊन, दोघांनी मिळून खेळायची सोय, नायक क्रिस रेडफील्डचे ते दंड. कृष्णवर्णीय गावकऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या गोऱ्या नायकाच्या पहिल्या झलकीवरून वाद झाला, आणि तो रास्त होता. पण खप तुफान. २०१८ मध्ये 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड'ने मागे टाकेपर्यंत कॅपकॉमचा सर्वाधिक खपलेला गेम हाच होता. अशा यशानंतर कुठली कंपनी पुन्हा अंधाऱ्या वाड्यात परतेल? २०१२ च्या वसंतात मालिकेचे एक निर्माते मासाचिका कावाता यांनी एका मुलाखतीत उघडच सांगितलं, की 'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धगेमच्या तुलनेत भयपटाच्या बाजाच्या गेमची बाजारपेठ लहान आहे. हे विधान चाहत्यांना झोंबलं ते झोंबलंच.

त्या हवेत सहावा भाग घडला. दिग्दर्शक एइचिरो सासाकी, निर्माते हिरोयुकी कोबायाशी आणि कामाला ६०० च्या वर माणसं. कंपनीने त्याला 'ड्रॅमॅटिक हॉरर' असं नाव दिलं, ज्याचा नेमका अर्थ बहुधा जाहिरात विभागालाही ठाऊक नसावा. लिऑन, क्रिस, पाचव्या भागातल्या खलनायकाचा मुलगा जेक आणि शेवटी हेर एडा वाँग, अशा चार कथा. त्या एकमेकींना मध्येच छेदतात, आणि जुळून आलं तर ऑनलाइन खेळणारे दोन वेगळे जोड तिथे समोरासमोर येतात. लानशियांग नावाच्या काल्पनिक चिनी शहरात लिऑन आणि क्रिस एकमेकांवर पिस्तूल रोखून उभे राहतात. दोन्ही बाजूंनी तो प्रसंग खेळता येतो. मालिकेच्या इतिहासात याहून मोठा घाट कुणी घातला नव्हता.

आता दोष. ते लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीपासूनच 'पडद्यावर सांगितलं की बटण दाबा', 'कंट्रोलरची कांडी गरगर फिरवा' असले प्रकार इतके येतात की मनगट दुखतं. लिऑनच्या कथेच्या शेवटी दोरावर चढायचा जो प्रसंग आहे, तो लिहिणाऱ्याला तोच दोर भेट द्यावासा वाटतो. सिमन्स नावाचा खलनायक मरतो, मग रूप बदलून येतो, मग पुन्हा मरतो, पुन्हा येतो. आपल्याकडच्या मालिकांतली सासूही इतक्यांदा परतत नाही. क्रिसच्या कथेतला एडोनिया या काल्पनिक देशातला भाग म्हणजे भिंतीआड लपून गोळीबार. तो खेळ दुसरे लोक जास्त चांगला करत होते.

पण याच गेममध्ये मालिकेच्या मुख्य भागांत पहिल्यांदा पात्र चालता चालता गोळी झाडू लागलं, आणि नुसतं तेवढंच करून थांबलं नाही. नेम धरून एखाद्या दिशेला बटण दाबलं की माणूस त्या बाजूला झेप घेतो. मागे झेप घेतली तर पाठीवर पडतो आणि पडल्या पडल्या गोळ्या झाडत राहतो. धावताना नेम धरला की जमिनीवरून घसरत जातो. नेमाचं आणि चापाचं बटण एकाच वेळी दाबलं की डोळे न रोखता झटकन गोळी सुटते, समोरचा डगमगतो आणि तेवढ्यात लाथ घालता येते. शत्रूचा वार पडायच्या ऐन क्षणी बटण दाबलं तर त्याचंच हत्यार त्याच्यावर उलटतं. या सगळ्याला दमाची पट्टी आहे. दम संपला की नायक हातपाय हलवतो, पण त्यात जोर नसतो. औषधी पानांच्या गोळ्या करून डबीत भरायच्या आणि पळता पळता एका बटणावर तोंडात टाकायच्या. शत्रूही त्याला साजेसे आहेत. 'जावो' जातीच्या सैनिकाचा हात उडवावा तर त्या जागी भलतंच काहीतरी उगवतं, म्हणून कुठे गोळी मारायची याचा विचार करावा लागतो.

यातलं किती गेम शिकवतो? जवळजवळ काहीच नाही. समीक्षकाला मुदतीत चार कथा संपवायच्या असतात. तो पाचव्या भागाच्या सवयीने उभा राहून गोळ्या झाडणार, गोळ्या संपणार, आणि मग तो लिहिणार की हा गेम खेळाडूवर अन्याय करतो. त्याचं फारसं चुकलं असं मी म्हणत नाही. नवं शरीर दिलं आणि त्याची ओळखच करून दिली नाही, ही चूक बनवणाऱ्यांची. मला स्वतःला ही भाषा दुसऱ्या फेरीत कळली, तीही ठाण्याच्या मावसभावामुळे. टीव्हीचा पडदा दोघांत वाटून आम्ही खेळत होतो आणि तो सतत लोळत होता. 'अरे, नीट उभा राहून मार ना,' असं मी दहादा म्हणालो. निकालाच्या पाटीवर त्याचे गुण माझ्या दुप्पट होते.

भीतीचंही थोडं सांगतो. चौथ्या-पाचव्यात खरे झोंबी नव्हतेच, ते इथे परतले. लिऑनची कथा एका अंधाऱ्या विद्यापीठात सुरू होते. झोंबी झालेल्या आपल्याच राष्ट्राध्यक्षांवर, आपल्या मित्रावर, त्याला गोळी झाडावी लागते. त्यानंतर बराच वेळ काहीच होत नाही. ओसाड मेजवानीची टेबलं, विजेचा कडकडाट, एक बाप आपल्या मुलीला शोधतो आहे. तो पहिला तास कुठल्याही जुन्या भागाशेजारी ठेवावा.

कॅपकॉमने वर्षभरात ७० लाख प्रती खपतील असा अंदाज बांधला होता. तो आधी ६० लाखांवर आणला, मग ५० वर. मार्च २०१३ पर्यंत खपल्या ४९ लाख. इतरांना मिठाई वाटावी असा आकडा, पण इथे सुतक. कंपनीने भागधारकांना सांगितलं ते असं, की विकासात केलेले नवे प्रयोग ग्राहकांना पुरेसे भावले नाहीत आणि कंपनीतल्या विभागांचा मेळ बसला नाही. दरम्यान डिसेंबर २०१२ मध्ये फुकट सुधारणा आली होती: कॅमेरा मागे घ्यायची सोय, एडाची कथा सुरुवातीपासून खुली आणि तीही दोघांना खेळता येईल अशी. पण तोवर समीक्षा छापून झाल्या होत्या.

जानेवारी २०१७ मध्ये सातवा भाग आला तो पार उलट्या टोकाला जाऊन. नजर नायकाच्या डोळ्यांतून, लुइझियानातलं एकच घर, हाताशी मोजकी काडतुसं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सहाव्याचं नाव फक्त ताकीद देण्यापुरतं उरलं.

२०२० मध्ये तिसऱ्या भागाचं नवं रूप आलं. त्यात नायिका जिल व्हॅलेंटाइन ऐन क्षणी वार चुकवते, वेळ मंदावतो आणि नेम आपोआप शत्रूवर बसतो. या हालचालीचं कौतुक मी बऱ्याच ठिकाणी वाचलं. त्या हालचालीची थोरली बहीण सहाव्या भागातली, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. त्या नव्या रूपात 'मर्सेनरीज' मात्र दिलाच नव्हता, तोही ज्या भागात त्याचा जन्म झाला त्याच भागात. चार दिवस वाट पाहिली, कुरकुर केली आणि मग मावसभावाला फोन लावला. सहाव्याची डिस्क त्याच्याकडेच होती.