कारल्याची पावडर साखर अडवते का? आमच्या एन्झाइम चाचणीबद्दल

भाताचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो. लाळेतले अमायलेज हे एन्झाइम स्टार्च तोडून माल्टोज ही साखर मोकळी करते. जेवण आतड्यात पोचल्यावर स्वादुपिंडातले अमायलेज तेच काम पुढे नेते. तुमच्या कारल्यातला, मेथीतला किंवा शेवग्याच्या पाल्यातला एखादा घटक या कामात खोडा घालतो का, एवढेच आम्ही तपासतो.

नमुन्याचे दोन अर्क काढतो, एक पाण्यात आणि एक अल्कोहोलमध्ये, कारण सगळेच घटक पाण्यात उतरत नाहीत. अर्क आणि एन्झाइम ३७ अंश सेल्सिअसला एकत्र ठेवून मग स्टार्च घालतो. शेवटी डीएनएस हे पिवळे द्रावण टाकून नळ्या उकळत्या पाण्यात सोडतो. साखर जितकी सुटली तितका रंग नारिंगी-तांबूस. तो ५४० नॅनोमीटरवर मोजतो. एन्झाइम अडले असेल तर नळी फिकट राहते. शेजारी अ‍ॅकार्बोजची, म्हणजे अमायलेज अडवणाऱ्या, मधुमेहावरच्या एका औषधाची नळी असते. तीच फिकट राहिली नाही, तर त्या दिवसाचे सगळे काम रद्द.

एकदा एका ताईंच्या पावडरीची नळी एन्झाइम न घालताच नारिंगी झाली. चवीला गूळ घातला होता! म्हणून प्रत्येक अर्काची एक नळी एन्झाइमशिवाय लावून ते रीडिंग वजा करतो. या जादा नळीचे पैसे कशाला, असे लोक विचारतात; पण ती वगळली तर बाकीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. तुरट अर्काचे दुखणे वेगळे. त्यातले टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, दिसेल त्या प्रथिनाला चिकटते, आणि एन्झाइम हेही प्रथिनच. असा अर्क जोरदार परिणाम दाखवतो, तेव्हा टॅनिन काढून चाचणी पुन्हा करतो.

रिपोर्टवर ‘आयसी-५०’ असते : एन्झाइमचे काम निम्म्यावर आणायला लागलेले अर्काचे प्रमाण. आकडा लहान, तर परिणाम मोठा, पण नळीत. जेवणानंतर रक्तातली साखर किती चढेल, हे त्यातून कळत नाही. पाकिटावर ‘मधुमेह बरा होतो’ छापू नका. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात अशा जाहिरातींना बंदी आहे आणि त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे.

नमुना आणताना गूळ, मीठ, मसाला न घातलेला आणा. माल कच्चाच वाळवला की वाफवून, तेही पिशवीवर लिहा. कच्च्या राजम्यात अमायलेजला अडवणारे प्रथिन असते, नीट शिजवल्यावर ते निकामी होते. तुमच्या भाजीतही तसे काही असू शकते.