एकाच नावाचे दोन निवडुंग: कार्यसादृश्य आणि समजातता

शेताच्या बांधावर फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग जवळजवळ उभे असले, तर दोन्ही मांसल, हिरवे आणि काटेरी दिसतात, म्हणूनच मराठीने दोघांनाही एकच नाव दिले. प्रत्यक्षात ते जवळचे नातलग नाहीत. त्रिधारीला खरचटले की पांढरा चीक ओघळतो (तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, हे मुलांना आवर्जून सांगावे) आणि त्याचे काटे जोडीने येतात, कारण ते उपपर्णांचे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणाऱ्या चिमुकल्या पानासारख्या भागांचे, रूपांतर आहे. फड्याला असा चीक नसतो; त्याचे काटे पुंजक्यांनी येतात आणि ते पानांचेच बदललेले रूप आहे. त्रिधारी एरंडाच्या कुलातला आहे, तर फड्या मूळचा अमेरिकेतला असून त्याचे नाते आपल्या घोळीच्या भाजीशी अधिक जवळचे आहे. कोरड्या हवेत पाणी साठवण्याची गरज सारखी असल्यामुळे नैसर्गिक निवडीने दोन निरनिराळ्या वंशांना सारखे रूप दिले. याला कार्यसादृश्य म्हणतात.

समजातता याच्या अगदी उलट असते. माणसाचा हात, देवमाशाचा वल्ह्यासारखा पर आणि घोड्याचा पुढचा पाय यांची कामे वेगळी, पण तिन्हींत दंडाचे एक हाड, पुढे दोन हाडे, मग मनगट आणि बोटे हाच क्रम आढळतो. घोडा तर प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटावर उभा असतो. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1843 मध्ये या दोन संज्ञांची स्पष्ट व्याख्या केली, पण समजात अवयवांमधल्या सारखेपणाचे कारण समान पूर्वज हे आहे, असे डार्विन यांनी 1859 मध्ये मांडले. सामाईक वंशाचा पुरावा म्हणून समजात अवयवच ग्राह्य धरावे लागतात, केवळ दिसण्यातला सारखेपणा नव्हे.

खरा गोंधळ वटवाघूळ आणि कबुतर यांच्यापाशी होतो. दोघांचे पंख पुढचे पाय म्हणून समजात आहेत, कारण हाडांचा तोच आराखडा दोघांतही आहे. पंख म्हणून मात्र ते कार्यसदृशच ठरतात, कारण त्यांच्या सामाईक पूर्वजाला उडता येत नव्हते. वटवाघळाने लांब झालेल्या बोटांवर कातडीचा पडदा ताणला, कबुतराची बोटे आखडून एकमेकांत मिसळली आणि हवा कापण्याचे काम पिसांकडे गेले. चतुर या कीटकाच्या पंखात तर हाडच नाही, म्हणून तो या दोघांच्या पंखांशी केवळ कार्यसदृश आहे.